आधी प्रत, मग दुरुस्ती

या खेपेच्या टपालात हार्ड डिस्कनंच जागा व्यापली आहे. प्रिंटरवर रुसलेल्या मंडळींनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. विंडोजमध्ये आयती मिळणारी साधनं पुरतात की बाहेरचं काही बसवावं, आणि वापरायची तर कोणतं साधन कधी, असा बहुतेकांचा सवाल आहे. माझी नोकरीतली बरीच वर्षं बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचा डेटा बाहेर काढण्यात गेली. आमच्याकडे डिस्क यायची ती बहुधा घरी ‘दुरुस्त’ करून झाल्यावरच. त्यामुळे माझी उत्तरं थोडी संशयी असतात, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, कॉम्प्युटर मंद वाटला म्हणून एका ओळखीच्यांच्या सांगण्यावरून चेकडिस्कची, म्हणजे विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या साधनाची, ‘स्लॅश आर’ची कमांड दिली. आता सुरू केला की काळ्या पडद्यावर तपासणी लागते आणि टक्क्यांचा आकडा तासन्‌तास एकाच जागी अडकतो. वैतागून मी बटण दाबून बंद केला, तर पुन्हा पहिल्यापासून तेच! अशी मधेच तोडली तर डिस्क खराब होते का? (हिशेबनीस म्हणून काम करणारे एक वाचक)

उत्तर: तुम्ही हिशेबातले, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. डिस्कवर ‘मास्टर फाइल टेबल’ नावाची एक खतावणी असते. कोणती फाइल, केवढी, कुठल्या कुठल्या जागी ठेवलीय, हे सगळं तिच्यात. चेकडिस्कचे पहिले तीन टप्पे म्हणजे ही खतावणी ताळ्यावर आणणं: आधी फाइलींच्या नोंदी, मग फोल्डरांच्या अनुक्रमणिका, मग परवानग्या. हे काम सहसा लवकर आटपतं. ‘स्लॅश आर’ लावलं की त्यात चौथा आणि पाचवा टप्पा जोडला जातो. त्यात फाइलींनी व्यापलेली आणि मोकळी अशी सगळी जागा प्रत्यक्ष वाचून बघितली जाते. एक टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगानं कुठेही न अडखळता वाचली, तरी जवळजवळ दोन तास लागतात. आणि एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा जागेचा छोटासा तुकडा, वाचता आला नाही, तर डिस्क त्याच जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. तुम्हाला जो आकडा ‘अडकलेला’ दिसतो, तो बऱ्याचदा हा असतो. म्हणजे तुमची डिस्क काहीतरी सांगते आहे, आणि तुम्ही बटण दाबून तिला गप्प करता.

पुन्हा पहिल्यापासून का, तर एकदा नेमून दिलेली तपासणी पुरी होईपर्यंत यादीत राहते. शिवाय एनटीएफएस ड्राइव्हवर (विंडोजची फाइली मांडायची ही नेहमीची पद्धत) ‘डर्टी बिट’ नावाची एक खूण असते. लिहिणं चालू असताना वीज गेली किंवा नोंदींत विसंगती सापडली की ती उठते आणि पुढच्या वेळी तपासणी आपोआप लागते. ज्यांना कमांड न देताही काळा पडदा दिसतो, त्यांच्याकडे हे झालेलं असतं.

मधेच तोडल्यानं नुकसान होतं का? नुसतं वाचन चालू असेल तर बहुधा नाही. नोंद दुरुस्त करून लिहिण्याच्या ऐन क्षणी तोडलीत, तर होऊ शकतं. तुम्ही कुठल्या क्षणी बटण दाबलंत ते तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून बटण नको. सुरुवातीला काही सेकंद ‘तपासणी टाळायची असल्यास कोणतीही की दाबा’ अशा अर्थाची ओळ येते, तेव्हा की दाबा. विंडोजमध्ये शिरा आणि सगळ्यात आधी तुमच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.

हे मी कडक आवाजात सांगतेय असं समजा. चेकडिस्कचं काम खतावणी जुळवणं आहे, तुमच्या फाइली वाचवणं नव्हे. ज्या नोंदीचा मेळ बसत नाही, ती ते निःसंकोच कापून टाकतं. फार झालं तर ‘फाउंड डॉट ट्रिपल झिरो’ नावाच्या फोल्डरमध्ये तुकडे टाकतं, ज्यांना नाव नाही, फक्त क्रमांक आणि ‘सीएचके’ हे शेपूट. आमच्याकडे असे क्रमांकांचे ढीग घेऊन माणसं यायची आणि विचारायची, यातलं लग्नाचं कुठलं आणि मुंजीचं कुठलं? खतावणी मात्र चोख जुळलेली असायची. दुसरं म्हणजे, ‘स्लॅश आर’ सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावतं. निकामी होत चाललेल्या डिस्ककडून शेवटचं एक मोठं वाचन करून घ्यायचंच असेल, तर ते तुमचा डेटा उतरवण्यासाठी असू द्या ना, तपासणीसाठी कशाला?

प्रत झाली की हवी तेवढी तपासणी करा, रात्रभर चालू दे. आणि इथून पुढे थेट ‘स्लॅश आर’वर उडी मारू नका. फाइल एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करा, मग प्रॉपर्टीज, मग ‘टूल्स’. तिथे ‘चेक’ हे बटण आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही तपासणी विंडोज चालू असतानाच होते. काही सापडलं तरच पुन्हा सुरू करायला सांगते आणि तेवढीच जागा दुरुस्त करते. त्याला सहसा काही सेकंद लागतात.

तपासणी संपली की कॉम्प्युटर सरळ विंडोजमध्ये शिरतो आणि निकाल कुणी वाचत नाही. तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये असतो: ‘विंडोज लॉग्ज’, त्यात ‘ॲप्लिकेशन’, आणि ‘सोर्स’च्या रकान्यात ‘विनइनिट’. त्या लांबलचक नोंदीत ‘बॅड सेक्टर्स’ची ओळ शोधा. तिथे शून्य केबी असेल तर मंदपणाचं कारण दुसरीकडे शोधू. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर नवी डिस्क घ्या.

प्रश्न: माझा भाचा म्हणतो, दर रविवारी डीफ्रॅग करत जा (फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावायचं ते काम), कॉम्प्युटर पळेल. मुलगी म्हणते, अजिबात हात लावू नकोस, डिस्क झिजेल. घरात रोज वाद. निकाल द्या. (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर: बाई, दोघंही पास, पण आपापल्या यंत्रापुरते! भाच्याकडे फिरती हार्ड डिस्क असणार, मुलीकडे एसएसडी, म्हणजेच सॉलिड स्टेट ड्राइव्ह. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा. स्टार्टमध्ये ‘डीफ्रॅग’ एवढं टाइप केलंत की ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्‌ज’ ही खिडकी मिळते. तिच्यात ‘मीडिया टाइप’ असा रकाना आहे. तिथे ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ आहे की ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’, एवढं वाचलं की निम्मा वाद मिटला.

आता गणित, तुम्हाला आवडेल. साधारण हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य त्या मार्गावर सरकायला अंदाजे ९. म्हणजे एका उडीला १३ मिलिसेकंद. एखादी फाइल २००० तुकड्यांत विखुरलेली असेल, तर २६ सेकंद नुसत्या उड्या मारण्यात गेले, वाचन वेगळंच. डीफ्रॅग हे तुकडे सलग लावतं आणि ते २६ सेकंद वाचवतं. इथे भाचा बरोबर.

एसएसडीत फिरणारं काही नाही आणि सरकणारं हेडही नाही. तुकडा शेजारी असो की लांब, पोचायला मिलिसेकंदाचा छोटासा अंश लागतो. मग तुकडे हलवून फायदा जवळजवळ शून्य. उलट तिच्या प्रत्येक पेशीवर किती वेळा लिहिता येतं याला मर्यादा असते, आणि डीफ्रॅग म्हणजे नुसतं लिहिणंच लिहिणं. इथे मुलगी बरोबर.

मुलीचं एकच चुकतं. त्या खिडकीतलं ‘ऑप्टिमाइझ’ बटण एसएसडीवर दाबलं तर डीफ्रॅग होत नाही. विंडोज त्या डिस्कला ‘ट्रिम’चा निरोप पाठवतं, म्हणजे कुठल्या जागा आता मोकळ्या आहेत ते कळवतं. मग डिस्क सवडीनं त्या जागा पुसून ठेवते आणि पुढचं लिहिणं रखडत नाही. ट्रिमची सोय विंडोज ७ पासून, २००९ पासून, आहे. कधीतरी ‘सिस्टिम रिस्टोअर’च्या प्रतींसाठी विंडोज एसएसडीवरही स्वतःहून थोडं डीफ्रॅग करून घेतं. ते दिसलं म्हणून घाबरू नका आणि बंदही करू नका.

राहिला रविवार. त्याची गरज नाही, कारण हे काम आधीच आठवड्याला नेमलेलं असतं. विंडोज ७ मध्ये तर बुधवारी पहाटे एकची वेळ ठरलेली होती. कॉम्प्युटर त्या वेळी बंद असला, तर पुढे तो रिकामा बसला की काम उरकून घ्यायचा. आता ते ‘ऑटोमॅटिक मेंटेनन्स’मध्ये गेलंय. तुम्ही ‘लास्ट रन’ची तारीख बघा. ती गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांतली असेल तर खिडकी बंद करून चहा घ्या. फिरत्या डिस्कवर ‘ॲनलाइझ’ केल्यावर १० टक्क्यांहून कमी तुकडे दिसले, तर काही करायचं नाही. ६४ एमबीहून मोठ्या तुकड्यांना विंडोज मोजतही नाही. एवढा मोठा तुकडा वाचताना एका उडीचा वेळ हिशेबात धरण्याजोगा नसतो.

विंडोज ९८ च्या काळात डीफ्रॅग लावला की पडद्यावर रंगीत चौकोन एकेक करून जागेवर बसायचे. तासभर बघत राहावं असं ते दृश्य होतं, आणि काम होतंय ही खात्रीही वाटायची. व्हिस्टानं तो नकाशा काढून टाकला. मला वाटतं, तेव्हापासूनच लोकांना हे काम आपल्यालाच करावं लागणार अशी शंका येऊ लागली.

प्रश्न: एक टीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबी दाखवतो. बाकीची जागा कुठे गेली? फसवणूक झाली का?

उत्तर: नाही. डिस्क बनवणारे दशमान पद्धतीनं मोजतात, एक टीबी म्हणजे १ वर बारा शून्यं एवढे बाइट. विंडोज मोजताना १०२४ च्या पटीत मोजतं. त्या संख्येला १०२४ नं तीनदा भागा, ९३१ येईल. जागा तेवढीच आहे, माप बदललं.

प्रश्न: सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. ‘डिस्क क्लीनअप’मध्ये सगळ्या चौकटींवर खूण करून टाकू का? आणि ‘विनएसएक्सएस’ नावाचं अवाढव्य फोल्डर आहे, ते उडवलं तर चालेल?

उत्तर: दुसऱ्याचं उत्तर आधी: हात लावू नका. विंडोजचे सगळे भाग त्या फोल्डरमध्ये राहतात. शिवाय तिथल्या बऱ्याच फाइली एकाच वेळी दोन ठिकाणी नोंदलेल्या असतात, त्यामुळे एक्सप्लोररमध्ये ते आहे त्याहून फुगलेलं दिसतं. त्यातलं जुनं झालेलं सामान डिस्क क्लीनअपच काढतं. त्यासाठी ‘क्लीन अप सिस्टिम फाइल्स’ दाबून ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ निवडायचं.

पट्टी लाल होते ती मोकळी जागा १० टक्क्यांखाली गेल्यावर. अशा वेळी आधी बघावं, मग काढावं. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’ इथे कशानं किती जागा खाल्लीय ते उतरत्या क्रमानं दिसतं. नुकतंच मोठं अपडेट झालं असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ हा सगळ्यात जाड घास निघतो. ते १० दिवसांनी आपोआप जातं. तोवर नवं विंडोज पसंत पडलं नाही तर मागे फिरायचा रस्ता तोच, म्हणून जागेची फारच नड असली तरच आधी काढा.

सगळ्यांवर खूण मात्र करू नका, आणि याचं कारण एकाच शब्दात: डाउनलोड्स. ‘टेम्पररी फाइल्स’च्या यादीत हे फोल्डरही निमूट उभं असतं. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीनं तर ते डिस्क क्लीनअपमध्येही आणून बसवलं होतं, पुढे काढलं. लोक पगाराच्या स्लिपा, घराचे कागद, परीक्षेची प्रमाणपत्रं वर्षानुवर्षं डाउनलोड्समध्येच ठेवतात. आणि या सफाईत गेलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही. एसएसडी असेल तर मघाच्या त्या ट्रिममुळे पुसलेलं परत मिळायची आशा जवळपास संपतेच.

‘हायबरनेट’ (चालू काम डिस्कवर जपून कॉम्प्युटर बंद करणं) कधीच वापरत नसाल, तर त्याची फाइल बऱ्याच जीबी अडवून बसलेली असते. ती ‘पॉवरसीएफजी’च्या कमांडनं बंद करता येते. मग ‘फास्ट स्टार्टअप’ही जातं, पण एसएसडी असेल तर फारसा फरक कळणार नाही.

प्रश्न: इंटरनेटवर सारखी सूचना येते: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शेकडो चुका आहेत, अमुक क्लीनर बसवा. बसवू का?

उत्तर: नको. वेबपानाला तुमच्या डिस्कवरच्या चुका दिसतच नाहीत. तो आकडा सगळ्यांना तसाच दाखवतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करून वेग वाढतो हेही खरं नाही.

प्रश्न: जुन्या डिस्कमधून अधूनमधून ‘टक्‌ टक्‌’ आवाज येतो, फाइल उघडताना थांबते. विंडोजमध्ये पाहिलं तर स्थिती ‘ओके’ किंवा ‘हेल्दी’. कुणावर विश्वास ठेवू? तिच्यावर वीस वर्षांचे फोटो आहेत. (हौशी छायाचित्रकार वाचक)

उत्तर: आवाजावर. हे पत्र टपालातून येईपर्यंत काय झालं असेल याची मला धाकधूक आहे, म्हणून संपादकांकरवी तुम्हाला आधीच निरोप पाठवला. बाकीच्यांसाठी इथे लिहिते.

डिस्कचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. त्याला आपला मार्ग सापडला नाही की ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. एका लयीत येणारा तो टक्‌ टक्‌ आवाज बहुधा याचाच.

मग विंडोज ‘हेल्दी’ का म्हणतं? डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवते, त्याला स्मार्ट म्हणतात. किती सेक्टर बदलून दिले, किती संशयात आहेत, किती तास चालली. बनवणाऱ्यानं प्रत्येक नोंदीला उंबरठा ठरवलेला असतो. तो ओलांडेपर्यंत उत्तर ‘ठीक’च येतं, आणि तो बराच लांब असतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी स्मार्टच्या चार सर्वांत बोलक्या नोंदींपैकी एकातही आधी काही दाखवलं नव्हतं. उलट, पृष्ठभाग तपासताना एक जरी चूक सापडली, तर ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली. थोडक्यात, ‘वाईट’ म्हटलं तर लगेच विश्वास ठेवा, ‘चांगलं’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका.

‘ओके’च्या पलीकडचं पाहायचं असेल, तर पॉवरशेल या विंडोजच्या कमांड द्यायच्या खिडकीत ‘गेट-फिजिकलडिस्क’ची कमांड आहे. तिला ‘गेट-स्टोरेजरिलायबिलिटीकाउंटर’ जोडलं की तापमान, झीज, वाचनातल्या चुका असे आकडे येतात. काही डिस्क यातले रकाने कोरे सोडतात. तुमच्या डिस्कवर मात्र हे करत बसायची वेळ नाही.

तिच्यावर चेकडिस्क नाही, डीफ्रॅग नाही, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणीही नाही. दुसरी डिस्क जोडा. सगळं एका झटक्यात ओढून न्यायचा मोह टाळा. जे पुन्हा मिळणारच नाही ते आधी, सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी. विंडोजमधल्या ‘रोबोकॉपी’ या प्रती करणाऱ्या कमांडनं हे काम छान होतं, फक्त तिच्यात एक खोच आहे. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करायला बसते, दर प्रयत्नामागे ३० सेकंद थांबून! म्हणून कमांडच्या शेवटी ‘स्लॅश आर कोलन १’ आणि ‘स्लॅश डब्ल्यू कोलन १’ हे दोन पर्याय जोडा. मग ती एकदा थांबून पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि पुढे जाते. रोबोकॉपीतलं हे ‘स्लॅश आर’ आणि चेकडिस्कचं ‘स्लॅश आर’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, गोंधळू नका.

मधेच आवाज वाढला किंवा डिस्क दिसेनाशी झाली, तर बंद करा आणि तशीच डेटा काढणाऱ्यांकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवणं, टेबलावर हलकेच आपटणं, झाकण उघडून ‘फक्त बघणं’ हे उपाय जे सुचवतील त्यांना मनापासून धन्यवाद म्हणा आणि करू नका.

प्रश्न: आम्ही मॅकवाले आणि लिनक्सवाले या सदरात बसतो का?

उत्तर: बसता, कोपऱ्यात. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडा, ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडा आणि ‘फर्स्ट एड’ खालून वर चालवा: आधी व्हॉल्यूम, मग कंटेनर, शेवटी अख्खी डिस्क. ज्या डिस्कवरून मॅक सुरू होतो तिच्यासाठी रिकव्हरीतून चालवलेलं चांगलं. डीफ्रॅग शोधू नका.

लिनक्सवर ‘एफएससीके’ ही तपासणीची कमांड माउंट केलेल्या, म्हणजे वापरात जोडलेल्या, ड्राइव्हवर कधीही चालवू नका. ती इशारा देते आणि लोक तरी ‘वाय’ दाबतात. एसएसडी असेल तर ‘एफएसट्रिम’चा टायमर चालू आहे का ते बघा. उबुंटूसारख्या वितरणांत तो दर आठवड्याला आपोआप चालतो. मघाचं फोटोवाल्यांचं उत्तर मात्र तुम्हालाही लागू. फक्त रोबोकॉपीच्या जागी ‘डीडीरेस्क्यू’ वापरा. ते आधी सहज वाचता येणारं सगळं उचलतं आणि हट्टी जागांकडे नंतर वळतं. मॅपफाइल (कुठवर वाचून झालं याची नोंद) द्यायला विसरू नका, म्हणजे मधेच थांबलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.